बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपन्या पाण्याचे स्रोत खरंच जपतात का?

जपतात, पण धंद्यापुरते. फ्रान्समधलं व्हितेल गाव बघा, तिथल्या झऱ्याचं पाणी याच नावाने बाटलीत विकलं जातं. शेतातल्या खतांमुळे झऱ्याच्या पाण्यात नायट्रेट वाढू लागलं, तेव्हा १९९० च्या दशकात कंपनीने आसपासच्या शेतकऱ्यांना पैसे देऊन मका आणि रासायनिक खतं बंद करायला लावली. नायट्रेट आटोक्यात राहिलं. पण तिथल्याच खोल भूजलाची पातळी मात्र घसरत गेली, कारण जेवढं मुरतं त्याहून जास्त उपसलं जात होतं. (उपसणारी कंपनी एकटी नव्हती, चीजचा कारखाना आणि गावकरीही होते.)

‘वापरतो तेवढं पाणी जमिनीत परत मुरवतो’ असं कुणी म्हटलं की विचारायचं, कुठे? दुसऱ्या खोऱ्यात बंधारा बांधून इथल्या विहिरी भरत नाहीत. आणि हिशेबात नुसत्या भरलेल्या बाटल्या नकोत, आरओतून वाया जाणारं पाणीही धरा.