वाचक विचारतात : पिस्तूल नेमबाजीत वेळ जातो कुठे?

प्रश्न (डॅलस) : काही महिन्यांपासून यूएसपीएसए या अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल (धावत-फिरत मारायच्या) पिस्तूल नेमबाजीच्या संघटनेच्या क्लब मॅच खेळतो आहे. कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजन (काचेत नेमाचा डॉट, म्हणजे ठिपका, दाखवणारी साइट लावलेल्या पिस्तुलांचा गट), नऊ मिलिमीटर. माझ्या जवळजवळ सगळ्या गोळ्या 'ए' झोनमध्ये, म्हणजे टार्गेटच्या सर्वाधिक गुणांच्या भागात, बसतात, तरी निकालात नाव तळाशीच. गोळ्या जास्त वेगाने झाडायला शिकू का?

उत्तर : आधी हिशेब मांडू. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागलं की हिट फॅक्टर मिळतो. तुमच्या डिव्हिजनमध्ये सगळ्यांना मायनर, म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसांचे, गुण असतात : ए 5, सी 3, डी 1 आणि मिस झाली तर वजा 10. 16 गोळ्यांची स्टेज (मॅचमधली एक फेरी) घ्या. सगळ्या ए, वेळ 20 सेकंद : 80 भागिले 20, म्हणजे 4.00. दुसऱ्याच्या 12 ए आणि 4 सी, वेळ 16 सेकंद : 72 भागिले 16, म्हणजे 4.50. तो जिंकला. पण त्याच 16 सेकंदांत त्याची एखादी ए चुकून मिस झाली असती तर 57 भागिले 16, म्हणजे 3.56. तो थेट तुमच्या मागे गेला असता. मिसमुळे ए-चे 5 गुण बुडतात, वर 10 कापले जातात. 4 हिट फॅक्टरच्या स्टेजवर या 15 गुणांची किंमत पावणेचार सेकंद होते, तर सी-ची जेमतेम अर्धा सेकंद. म्हणून थोड्या सी चालतील, मिस नको. चाप ओढताना डॉट टार्गेटबाहेर दिसला तर तिथल्या तिथे आणखी एक गोळी मारून मोकळे व्हा.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. एकाच टार्गेटवरच्या दोन गोळ्यांमधलं अंतर 0.30 वरून 0.20 सेकंदांवर आणलंत, तर आठ टार्गेटांवर मिळून तुमचे 0.8 सेकंद वाचतील. मात्र 20 आणि 16 मध्ये चारचा फरक आहे. उरलेला वेळ गोळी न सुटणाऱ्या क्षणांत जातो. मित्राला फोनवर बाजूने चित्रीकरण करायला सांगा. प्रत्येक गोळीची वेळ नोंदणाऱ्या टायमरवरचे आकडे पाहून दोन गोळ्यांमधल्या एका सेकंदाहून मोठ्या प्रत्येक फटीवर खूण करा आणि त्या फटीत तुम्ही काय करत होतात ते व्हिडिओत पाहा.

नवख्याच्या व्हिडिओत बहुधा हेच दिसतं : शेवटची गोळी सुटल्यावर लागली का ते पाहत तो क्षणभर थांबतो. मग पिस्तूल कमरेपाशी नेऊन धावतो. नव्या जागी पोचल्यावर आधी पाय रोवतो, मग पिस्तूल वर आणतो, मग डॉट शोधतो. ही तीन कामं एकामागून एक होतात, ती एकत्र व्हायला हवीत. पोचायच्या दोन पावलं आधीच पिस्तूल हनुवटीच्या उंचीवर, गुडघे वाकलेले, नजर पहिल्या टार्गेटवर. जवळचं, सोपं टार्गेट असेल तर पाय थांबायची वाट न पाहता पहिली गोळी मारा. मॅगझिन बदलायचं तेही निघाल्यानिघाल्या, पहिल्या दोन पावलांत. उभं राहून बदललेलं मॅगझिन दीड-दोन सेकंद खातं. या सगळ्यात बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर आणि नळी 180 अंशांच्या आत (कधीही मागे वळलेली नको), नाहीतर त्याच क्षणी मॅच संपली.

प्रश्न (न्यू जर्सी) : होल्स्टरमधून पिस्तूल काढून समोर आणलं की रेड डॉट दिसतच नाही. काचेत शोधत बसावं लागतं.

उत्तर : तुम्ही काचेत बघता, हीच अडचण आहे. नजर टार्गेटवरच्या रुपयाएवढ्या एका ठिपक्यावर ठेवा आणि पिस्तूल त्या रेषेत आणा. बहुतेकांचा डॉट काचेच्या वर निघून गेलेला असतो, कारण नळी वर उचललेली असते. दुसरा हात उशिरा येऊन मिळतो आणि मनगटं शेवटच्या क्षणी वळतात, त्याने हे होतं. दोन्ही हात छातीपाशीच जुळले पाहिजेत. तिथून पुढचा प्रवास सरळ.

घरी रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने सराव करा. पण आधी : काडतुसं दुसऱ्या खोलीत, दार बंद. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. नेम अशा भिंतीकडे धरा की चुकून गोळी सुटलीच तरी ती आरपार जाणार नाही. फ्लॅटमधली पार्टिशनची भिंत चालत नाही. सराव संपला की मोठ्याने 'संपलं' म्हणा आणि पिस्तूल आत ठेवा. 'अजून एकदाच' म्हणत पुन्हा उचललेल्या पिस्तुलाने अपघात होतात.

मग डोळे मिटून पिस्तूल काढा, समोर आणा, डोळे उघडा. डॉट कुठे आहे? दहादा करा. त्यानंतर टायमरवर पार टाइम (ठरवलेली वेळमर्यादा) 2.0 सेकंद लावा. दहापैकी आठ वेळा डॉट जागेवर मिळाला की 0.1 ने कमी करा. दीडच्या आसपास गाडी अडते, तिथे महिना गेला तरी चालेल. डॉटच्या काचेच्या पुढच्या बाजूला अपारदर्शक टेप लावून दोन्ही डोळे उघडे ठेवून सराव केला तर टार्गेटवर नजर ठेवण्याची सवय आपोआप लागते.

प्रश्न (फिनिक्स) : उजव्या हाताने मारतो. गोळ्या खाली-डावीकडे जातात. साइट फिरवू?

उत्तर : साइटला हात लावू नका. चाप ओढताना तुमची सगळी मूठ आवळली जाते आणि धक्क्याच्या धास्तीने नळी खाली दाबली जाते. खात्री हवी असेल तर रेंजवर मित्राला आठ काडतुसांत दोन डमी (न उडणारी खोटी काडतुसं) मिसळून मॅगझिन भरायला सांगा. डमीवर पिस्तूल खाली डुबकी मारेल, ते तुम्हालाच दिसेल.

उपाय पकडीत आहे. डाव्या हाताची पकड घट्ट. उजवा हात इतकाच की चापाचं बोट मोकळं हलेल. मग रिकाम्या पिस्तुलाने, बोट चापावर ठेवून टायमरच्या बीपची वाट पाहा आणि बीपला एका झटक्यात पूर्ण ओढा. हळूहळू दाबायचं नाही. डॉट हलला नाही की जमलं. तेच पुढे 10 यार्डांवर खऱ्या गोळ्यांनी.

प्रश्न (सिअ‍ॅटल) : मी एच-1बी व्हिसावर आहे. सामन्यांत उतरू शकतो का?

उत्तर : हे विचारलंत ते बरं केलंत, कारण बरेचजण न विचारताच मित्राबरोबर रेंजवर जातात. एच-1बी, एल-1, एफ-1 अशा नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही त्यात आलं. कायद्यात अपवाद आहेत. नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. मुदत संपली की सूटही संपली. राज्याचे नियम निराळे असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही.

प्रश्न (पुणे) : इथे राहून असं काही शिकता येईल?

उत्तर : होल्स्टर आणि धावपळ विसरा, पण चापावरचा ताबा इथे उत्तम शिकता येतो. एखाद्या क्लबात 10 मीटर एअर पिस्तूलने सुरुवात करा. एका हाताने मारायचं, चाप ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर, दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर. पुढे .22 हाती आलं की 25 मीटरकडे वळा. महिलांच्या 25 मीटर पिस्तूलच्या रॅपिड टप्प्यात हात 45 अंशांत खाली धरलेला असतो. 3 सेकंदांत उचलून एक गोळी मारायची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर शेवटच्या मालिकेत 4 सेकंदांत पाच टार्गेटं असतात. प्रॅक्टिकलच्या सर्वांत जवळचं तेच.

प्रश्न (ऑस्टिन) : पहिली मॅच पुढच्या आठवड्यात. सोबत काय नेऊ, आणि बाद कशामुळे होतात?

उत्तर : क्लब मॅचला साधारण 150 गोळ्या लागतात, 200 न्या. चार-पाच मॅगझिन, चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, चष्मा, कानांचं संरक्षण. पिस्तूल बॅगेत नेऊन फक्त सेफ्टी एरियात (रिकामं पिस्तूल हाताळायच्या राखीव जागेत) बाहेर काढा. तिथे काडतुसाला हातही लावू नका, डमीलासुद्धा. त्यानेही बाद होता. दोन स्टेजच्या मधे रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून पडलं तर वाकून उचलू नका. पडण्याने बाद होत नाही, उचलण्याने होता; रेंज ऑफिसरला (मॅचवर देखरेख करणाऱ्या पंचाला) हाक मारा. आणि स्क्वॉडमध्ये (सोबत खेळणाऱ्या गटात) पहिला नंबर लागला तर 'मी नवीन आहे, शेवटी ठेवा' असं सांगा, सगळे ऐकतात.