रुग्णालयातल्या आवाजाचा रुग्णाच्या प्रकृतीवर खरंच परिणाम होतो का?

तुमच्या वडिलांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण आयसीयूतल्या आवाजांनी त्यांना झोप येत नाही, चिडचिड वाढली आहे, आणि घरातले म्हणतात, जीव वाचला ना, मग आवाजाचं काय एवढं? मी बरीच वर्षं अतिदक्षता विभागात नर्स आहे, आणि माझं बहुतेक काम रात्रपाळीचं. वडिलांची तक्रार खरी आहे. तिला नाजूकपणा म्हणून सोडून देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलंय की वॉर्डात रात्री सरासरी ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, म्हणजे जेमतेम कुजबुजीइतका. प्रत्यक्षात काय असतं? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये स्वतः मोजमाप केलं आणि जुन्या नोंदीही धुंडाळल्या. १९६० च्या सुमाराला रुग्णालयात दिवसा सरासरी ५७ आणि रात्री ४२ डेसिबल आवाज असे. २००५ पर्यंत ते आकडे ७२ आणि ६० वर गेले होते. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. साठ डेसिबल म्हणजे नेहमीचं बोलणं; रात्रभर उशाशी कुणीतरी गप्पा मारत बसावं, तसं.

पण माझ्या मते खरा त्रास आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कसला आहे याचा असतो. पंख्याची किंवा ऑक्सिजनची एकसुरी घरघर कानाला सवयीची होते. अलार्मची होत नाही, कारण दुर्लक्ष होऊ नये म्हणूनच तो बनवलेला असतो. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये बारा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत झोपवून रुग्णालयातले वेगवेगळे आवाज ऐकवले. फोनची घंटी आणि यंत्रांचे इशारे अगदी हळू वाजले तरी झोप मोडत होते, आणि त्या वेळी हृदयाचे ठोके वाढत होते. ही धडधाकट माणसं होती. ज्याच्या छातीवर ताजे टाके आहेत किंवा ज्याचं हृदय आधीच थकलेलं आहे, त्याचं काय होत असेल?

त्यात भर म्हणजे अर्थ न कळणं. मॉनिटर वाजला की मी एका नजरेत ओळखते की बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा निसटलाय. तुमच्या वडिलांना मात्र दरवेळी वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये याच गोष्टीवर कडक शब्दांत लिहिलं होतं. मोठ्या आवाजापेक्षा रुग्णाच्या मनात काहीतरी अपेक्षा किंवा शंका उभी करणारा आवाज वाईट, आणि खोलीच्या दाराशी चाललेली कुजबुज तर फारच वाईट, असं त्यांचं म्हणणं. हे मी आजही बघते. नातेवाईक खाटेच्या पायथ्याशी दबक्या आवाजात बोलू लागले की रुग्ण डोळे मिटून कान टवकारतो आणि मॉनिटरवरचा नाडीचा आकडा वर सरकतो. बोलायचं असेल तर त्यांच्याशी मोकळेपणी बोला, नाहीतर बाहेर जाऊन बोला.

आता अलार्मचं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये इशारा दिला होता की ८५ ते ९९ टक्के अलार्मना काहीही उपचार करावे लागत नाहीत. छातीवर चिकटवलेला इलेक्ट्रोड सुकलेला असतो, रुग्ण कुशीवर वळलेला असतो, सलाईनची नळी दुमडलेली असते, किंवा कोणत्या आकड्याला अलार्म वाजावा त्या मर्यादा त्या रुग्णाला साजेशा लावलेल्या नसतात. हे रात्रभर ऐकून कर्मचाऱ्यांचे कान बधिर होतात आणि मग जो अलार्म खरा असतो तोही मागे पडू शकतो. म्हणून अनावश्यक आवाज कमी करणं मला रुग्णाच्या सुरक्षेचं काम वाटतं, निव्वळ सोयीचं नाही.

स्वीडनमध्ये हुडिंगे इथल्या हृदयरोग विभागात फक्त छताला आतून लावलेले तक्ते बदलून बघितले होते, काही आठवडे आवाज परतवणारे, काही आठवडे शोषून घेणारे. आवाज घुमत होता त्या काळातले रुग्ण पुढच्या महिन्यांत जास्त प्रमाणात पुन्हा दाखल झाले. अभ्यास लहान होता, पण मला तो विसरता येत नाही. नवीन रुग्णालय बांधणाऱ्यांनी चकचकीत फरशीच्या आधी छताचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या हातात काय आहे? अलार्म स्वतः कधीच बंद करू नका. 'हा आवाज कशाचा?' असं सिस्टरांना वडिलांच्या समोर विचारा. उत्तर त्यांनी ऐकणं जास्त महत्त्वाचं. अलार्मच्या मर्यादा त्यांच्या प्रकृतीनुसार बदलता येतील का, रात्रीचं बीपी, औषधं, रक्त घेणं एकाच वेळी उरकता येईल का, हे राऊंडच्या वेळी डॉक्टरांना विचारा. इअरप्लगबद्दलही विचारा. बेल्जियममधल्या एका अभ्यासात रात्री इअरप्लग वापरणाऱ्या आयसीयूतल्या रुग्णांमध्ये गोंधळलेपण कमी दिसलं, आणि फायदा पहिल्या दोन दिवसांत सर्वांत ठळक होता. ज्याला त्याची भीती वाटते त्याच्या कानात मात्र जबरदस्तीने घालू नका. श्रवणयंत्र वापरत असतील तर दिवसा ते आठवणीने लावा, कारण अर्धवट ऐकू आलं की माणूस जास्त भांबावतो. त्यांच्या आवडीचं संगीत हेडफोनवर, हळू, थोडा वेळ चालेल. तुमचा स्वतःचा फोन सायलेंटवर ठेवा. खाट नर्सिंग स्टेशनला लागून असेल तर दुसरी मिळेल का तेही विचारा, आम्हाला त्याचा राग येत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. वडील आपण कुठे आहोत हे विसरले, नसलेल्या माणसांशी बोलू लागले, नळ्या ओढू लागले, किंवा उलट अचानक गप्प आणि सुस्त झाले, तर ते नुसतं जागरण नसू शकतं, डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असू शकतो. त्यामागे जंतुसंसर्ग, औषधं, ऑक्सिजन कमी होणं अशी कारणंही असतात. सकाळच्या राऊंडची वाट बघू नका, त्याच क्षणी ड्यूटीवरच्या सिस्टरांना सांगा.