गोळे फुगतील, पण झाकण उघडू नका!

प्रश्न : अमेरिकन पद्धतीचं ‘चिकन अँड डम्पलिंग्ज’ दोनदा केलं. एकदा मैद्याचे गोळे आतून कच्चे राहिले, एकदा रश्शातच विरघळले. काय चुकतं?

उत्तर : दोन्ही वेळा आचेचा घोटाळा दिसतो. खळखळ उकळीत गोळे फुटतात, कोमट रश्शात टाकले तर विरघळतात. रस्सा मंद, सतत बुडबुडे येणारा हवा. गोळे सोडले की घट्ट झाकण ठेवून १५ मिनिटं ते अजिबात उघडायचं नाही. वरचा अर्धा भाग वाफेवरच शिजतो. मध्येच डोकावलं की तो कच्चा राहतो. मग टूथपिक खुपसून बघा, कोरडी निघाली पाहिजे.

पिठाचं माप : मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, मीठ अर्धा चमचा. त्यात ३० ग्रॅम थंड बटर चोळा, ११० मिली थंड दूध घालून जेमतेम एकत्र करा. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर गोळे चिवट होणारच! आकार लिंबाएवढा, त्याहून मोठा नको. फुगून दुप्पट होतात, म्हणून भांडं पसरट घ्या.

रश्शासाठी हाडांसकट कोंबडीच घ्या, नुसत्या बोनलेसला चव येत नाही. शिजलेलं मांस सोडवून गोळ्यांआधी परत घाला.

अमेरिकेच्या दक्षिणेत बरेच जण बेकिंग पावडरशिवाय लाटून कापलेल्या पट्ट्याच टाकतात. आपल्या वरणफळांची बहीणच ती.