प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून हे जवळच येत नाहीत

प्रश्न: ताई, माझं वय 57, मिस्टरांचं 63. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला म्हणून आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून अख्खी ग्रंथी काढली. रिपोर्ट चांगले आहेत, लघवीही आता बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये आहे, पण तेव्हापासून हे हॉलमध्ये झोपतात, म्हणतात मी घोरतो, तुझी झोपमोड नको. घोरणं काय आजचंय का! परवा कपाटात ताकदीची पावडर सापडली, जाहिरात बघून मागवलेली. त्यांची अँजिओप्लास्टी झालीये, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी कायम खिशात असते, म्हणून जीव घाबरा झाला. या वयात असलं विचारणं चुकतंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात चुकत नाहीये, आणि बरं झालं लिहिलंत. आधी ती पावडर बंद, आजच. असल्या पावडरींमध्ये बऱ्याचदा गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलंय, म्हणजे व्हायग्रातलं औषध, आणि त्यावर सॉर्बिट्रेट घेतली की बीपी एकदम इतकं खाली येतं की जिवावर बेतू शकतं.

आता मूळ गोष्ट. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात, अगदी बारीक. 1982 साली अमेरिकेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी त्या मुद्दाम वाचवून ऑपरेशन केलं, तेव्हापासून जिथे जमेल तिथे त्या वाचवतात. पण वाचवल्या तरी ऑपरेशनमध्ये ताण बसून त्या सुन्न पडतात आणि जाग्या व्हायला दीड-दोन वर्षंसुद्धा लागतात, त्यामुळे आठव्या महिन्यात 'आता संपलं सगळं' असं धरून बसू नका. कॅन्सर जवळ होता म्हणून नसा काढाव्या लागल्या असतील तर गोष्ट वेगळी, मग व्हायग्रासारख्या गोळ्यांचा सहसा फारसा उपयोग होत नाही.

तुमच्याकडे तर सॉर्बिट्रेटमुळे गोळीचा रस्ता बंदच आहे, पण बाकीचे आहेत ना. व्हॅक्यूम पंप असतो, त्याने रक्त ओढून ताठरता आणतात आणि मुळाशी रिंग लावतात, रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतीलच, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच, नाहीतर काळंनिळं पडतं. दुसरं म्हणजे इंजेक्शन, लिंगातच, बारीक सुईने, पहिला डोस डॉक्टरांसमोर. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही की ताठरता नसतानाही परमोच्च सुखाची भावना येऊ शकते, तिच्या नसा वेगळ्या. वीर्य मात्र येणार नाही, कारण ते बनवणारी ग्रंथी आणि पिशव्याच काढल्यात. त्या क्षणी थोडी लघवी होते कधीकधी, कित्येक पुरुष याच लाजेने लांब राहतात, तर आधी लघवीला जाऊन यायचं आणि खाली टॉवेल टाकायचा, बस.

मला वाटतं तुमचे मिस्टर घोरण्यामुळे नाही, 'जमलं नाही तर' या भीतीने हॉलमध्ये गेलेत. तर सध्या जमवायचंच नाही असं दोघांनी मोकळेपणाने ठरवा, त्यांना आत झोपायला बोलवा, पाठीवरून हात फिरवा, जवळ घ्या, त्यातून संबंधच व्हायला हवा असं काही नाही. तुम्हाला पाळी गेल्यानंतर कोरडेपणाचा त्रास असेल तर मेडिकलमध्ये वॉटर-बेस्ड लुब्रिकंट मिळतं.

पुढच्या पीएसएच्या (प्रोस्टेट कॅन्सरसाठीच्या रक्ततपासणीच्या) फॉलोअपला तुम्हीही केबिनमध्ये जा, सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन. ते अडखळले तर तुम्ही विचारा, नसा वाचवल्यात का, आणि पंप कधीपासून सुरू करायचा.