जुनी मेकफाइल कोणालाच कळत नाही, सगळं टाकून सीमेकवर जावं का?

लगेच नको. (मेक म्हणजे सोर्स कोडमधनं प्रोग्राम तयार करणारं, म्हणजे बिल्ड करणारं टूल, त्याचे नियम मेकफाइलमध्ये असतात; सीमेक हे असे नियम स्वतः लिहून देणारं टूल.) तुम्ही लिहिलंय की मेक क्लीन (आधी तयार झालेलं सगळं पुसणं) केल्याशिवाय बिल्डवर भरवसाच ठेवता येत नाही आणि ती फाइल लिहिणारा माणूस कधीच प्रोजेक्ट सोडून गेला. आमचंही हेच होतं. सी मधलं छोटं ओपन सोर्स प्रोजेक्ट, त्याचा बिल्ड मी गुहागरजवळच्या गावातनं सांभाळतो.

दर वेळी क्लीन लागतं म्हणजे कुठली फाइल कशावर अवलंबून आहे हे मेकला नीट सांगितलेलंच नाहीये. मेक १९७६ चं, ते बिचारं फक्त वेळ बघतं, सोर्स नवीन की ऑब्जेक्ट (सोर्स कंपाइल होऊन बनलेली फाइल) नवीन, बास. आमच्याकडे कोणीतरी हेडरमधल्या (अनेक सोर्स फाइल्स वापरतात त्या सामायिक फाइलमधल्या) स्ट्रक्टमध्ये एक फील्ड वाढवलं, दोन फाइल्स परत कंपाइल झाल्या, तिसरी जुनीच साइज धरून बसली आणि क्रॅश व्हायचा भलत्याच ठिकाणी, माझ्या दोन रात्री डीबगरमध्ये गेल्या. उपाय काय तर जीसीसीला (सी चा कंपाइलर) एमएमडी आणि एमपी हे दोन फ्लॅग द्यायचे, ऑब्जेक्टबरोबर डी फाइल (कुठल्या हेडरवर अवलंबून याची यादी) तयार होते, ती मेकफाइलमध्ये इन्क्लूड करायची. इन्क्लूडच्या आधी मायनस लावा, नाहीतर पहिल्याच बिल्डला फाइल नाही म्हणून अडून बसेल.

आता आमच्याकडची पावसाळी गंमत. जुलैत इथे लाईट जाते ती न सांगता, आणि माझ्या इन्व्हर्टरने तेव्हा मान टाकलेली. लाईट आल्यावर मेक मारलं तर लिंकर (ऑब्जेक्ट फाइल्स जोडणारा) म्हणे फाइल ट्रंकेटेड, म्हणजे अर्धवट. बघतो तर एक ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची! कंट्रोल-सी मारलं तर अर्धवट फाइल मेक स्वतःच पुसतं, पण पीसीच बंद पडल्यावर पुसणार कोण, आणि फाइलची वेळ सोर्सपेक्षा नवीन, त्यामुळे मेकच्या हिशेबात काम झालेलं. अशा वेळी फाइंड कमांडने शून्य साइजच्या ऑब्जेक्ट फाइल्स शोधून उडवायच्या, बाकी बिल्डला हात लावायचा नाही.

एवढं झाल्यावर मेकला जे ८ (एकाच वेळी आठ जॉब) देऊन बघा. एकेक जॉबला चालणारं आठला पडलं तर अजून कुठेतरी डिपेन्डन्सी राहिलीय (आमच्यात स्क्रिप्टने बनणारं एक हेडर निघालं).

मग हवं तर सीमेक, पण जुन्याच्या शेजारी, आणि दोन्हीकडच्या कंपाइलच्या कमांडी समोरासमोर ठेवून. बिल्ड टाइप (डीबग की रिलीज) दिला नाही तर सीमेक ऑप्टिमायझेशनचा (कोड वेगवान करण्याचा) फ्लॅगच लावत नाही, जुन्यात ओ२ असायचा, आणि आम्ही आठवडाभर नवीन कोड स्लो का म्हणून एकमेकांवर ढकलत होतो. सोर्सची यादी ग्लोबने (नावाच्या पॅटर्नवरून आपोआप) घेऊ नका, हाताने लिहा, नाहीतर दुसऱ्याने टाकलेली नवीन फाइल पुल केल्यावर सीमेकला कळतच नाही. एक रिलीज दोन्ही चालवा आणि मग मेकफाइल काढाच, ठेवलीत तर नवीन फाइल कोणीतरी एकाच ठिकाणी लिहिणार.

आमच्याकडे मिरगाआधी कौलं चाळून घेतात, फुटलेलं तेवढं बदलतात, घर पाडत नाहीत. तुमची मेकफाइल किती ओळींची आहे ते सांगा, दोनशेच्या आत असेल तर मी सीमेकचं नावही काढणार नाही.