सिलिया (पेशीवरचे हलणारे बारीक केस) असलेल्या आदिजीवांचं, म्हणजे सिलिएट्सचं, नातं जीनच्या क्रमावरून कसं ठरवतात? सूक्ष्मदर्शकात बघून भागत नाही का?

ओळख पटवायला भागतं. नातं ठरवताना मात्र डोळे दगा देतात. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी दोन्ही केलं: चांदीनं रंगवून सिलियांच्या रांगा मोजल्या आणि त्याच जीवांचा १८ एस आरआरएनए जीन (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका भागाचा) वाचला.

हा जीन निवडतात कारण तो केंद्रक असलेल्या प्रत्येक सजीवात असतो. त्याचे काही तुकडे कोट्यवधी वर्षांत जेमतेम हलतात, तर काही भराभर बदलतात. शिवाय सिलिएट्समध्ये मोठं आणि छोटं अशी दोन प्रकारची केंद्रकं असतात, आणि मोठ्यात या जीनच्या ढीगभर प्रती असतात, टेट्राहायमेना या सिलिएटात तर सुमारे ९,०००. त्यामुळे एका पेशीवरही काम होतं. फक्त ती उपाशी ठेवायची आणि स्वच्छ पाण्याच्या चार-पाच थेंबांतून धुवायची. मी घाई केली, तर पहिला क्रम निघाला तिनं गिळलेल्या शेवाळाचा!

मग सगळ्यांचे क्रम एकाखाली एक लावायचे. खरी डोकेदुखी इथे. भराभर बदलणाऱ्या भागात कुठलं अक्षर कुणाखाली यावं हेच कळत नाही. असे रकाने मी सरळ काढून टाकतो. उरलेल्यांवरून संगणक वंशवृक्ष काढतो. त्याचं मूळ ठरवायला डायनोफ्लॅजेलेटसारखा (हेही एकपेशीय, पण सिलिएट नव्हेत) बाहेरचा नातेवाईक सोबत घ्यावा लागतो.

आता डोळे कसे फसतात ते बघा. कॅरिओरिलिक्टिया गटात मोठं केंद्रक विभागतच नाही, दर वेळी छोट्यापासून नवं बनतं. म्हणून हा गट सगळ्यांत आदिम मानला जाई. नावातच 'अवशेष' आहे. जीननं त्यांना स्टेंटॉर या दुसऱ्या सिलिएटच्या गटाशेजारी बसवलं, आणि स्टेंटॉरचं मोठं केंद्रक तर विभागतं! मग पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळावं लागतं: विभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका स्टेंटॉरच्या गटात मोठ्या केंद्रकाबाहेर असतात, पॅरामिशियमसारख्यांत आत. म्हणजे मोठं केंद्रक विभागण्याची ही युक्ती बहुधा दोनदा, स्वतंत्रपणे उपजली.

पण १८ एसवर डोळे मिटून विसंबू नका. फार वेगानं बदललेले क्रम नातं नसतानाही झाडावर एकमेकांना चिकटतात, म्हणून जुन्या फांद्यांसाठी अनेक जीन लागतात. उलट पॅरामिशियम ऑरेलियाचं बघा. जीवशास्त्रज्ञ सॉनबॉर्न यांनी १९७५ मध्ये त्याच्या १४ जाती वेगळ्या केल्या त्या मुख्यतः कोण कुणाशी मीलन करतं यावरून. दिसायला सगळ्या एकसारख्या. तिथे १८ एसही जवळपास तोच येतो, मायटोकॉन्ड्रियातला (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातला) सीओएक्स-१ हा जीन घ्यावा लागतो.