२०११ची थार सीआरडीई ऑटोमॅटिक करता येईल का, की सरळ स्कॉर्पिओचं इंजिनच टाकावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: थार २०११ची, सीआरडीई म्हणजे कॉमन-रेल डिझेल इंजिनाची, राहायला ठाण्याला घोडबंदर रोडला, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा गुडघा गेलाय. मग आहे त्या इंजिनाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडावा की स्कॉर्पिओचं एम-हॉक इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून टाकावं, आणि खर्च किती.

जोडता काहीही येतं. वागळे इस्टेटला, रबाळे एमआयडीसीला असे लेथवाले आहेत की कुठलंही इंजिन कुठल्याही बॉक्सला जोडून देतील. मी त्यांच्यातलाच, आता दुकान मुलगा बघतो. म्हणून सांगतो, "अ‍ॅडॉप्टर प्लेट (इंजिन आणि बॉक्सच्या मधली जोडपट्टी) बनवली की झालं काम" असं म्हणणाऱ्या मेकॅनिककडे गाडी टाकू नका.

माझ्या मावसभावाची जुनी महिंद्रा होती, एमडीआय इंजिनाची, २५२३ सीसी, वायरिंगची भानगड नाही. त्याला ऑटोमॅटिकचं खूळ लागलं. कुर्ल्याच्या भंगारातून जपानी पिकअपचा चार गिअरचा बॉक्स आणला. बॉक्सची निवड चांगली होती, हे मान्य. डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे व्हॅक्यूमवर गिअर बदलणारे जुने बॉक्स डिझेलवर गोंधळ घालतात. हा केबलवर चालणारा होता, केबल डिझेल पंपाच्या लिव्हरला जोडता आली. प्लेटचं काम अर्थातच घरच्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे, फुकट.

प्लेट कापणं सोपं असतं. अवघड असतं ते क्रँकचा (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा) आणि बॉक्सचा मध्य एका रेषेत आणणं. क्रँकच्या टोकाच्या चकतीवर डायल गेजचा, म्हणजे बारीक फरक मोजणाऱ्या काट्याचा, स्टँड लावला, डायलचं टोक बेलहाउसिंगच्या, म्हणजे बॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या खोळीच्या, भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि पान्याने क्रँक सावकाश फिरवत गेलो. काटा एकूण जितका हलतो, त्याच्या निम्मा ऑफसेट. इंचाचे पाच हजारांश, म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा भाग, एवढं चालतं. त्यापुढे नाही. माझा काटा जेमतेम थरथरत होता. मग दोन डॉवेल, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पिना, बसवले. बोल्ट फक्त आवळतात, जागा धरतात ते डॉवेल, कारण बोल्टाच्या भोकात थोडा खेळ असतोच.

गाडी गेली मेकॅनिककडे. काही महिन्यांनी मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवर, खाली लाल तेलाचा ओघळ. बॉक्सचं पुढचं ऑइल सील गेलेलं, बॉक्समधल्या तेलपंपाचा बुश एका बाजूने खाल्लेला, फ्लेक्स प्लेटला (क्रँक आणि बॉक्स जोडणाऱ्या पातळ चकतीला) बोल्टाच्या भोकापासून तडा. मेकॅनिकचं निदान: "प्लेट वाकडी आहे." मावसभावाने मान डोलावली, आणि तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही लग्न असो, पंगतीत हा विषय निघतोच.

बॉक्स उतरवला तेव्हा मी तिथे होतो. प्लेटमधल्या डॉवेलच्या भोकांत लाल सिलिकॉन गच्च भरलेलं होतं. डॉवेल असते तर तिथे सिलिकॉन शिरलं कुठून? बसायला घट्ट वाटले म्हणून मेकॅनिक पठ्ठ्याने काढून टाकले होते. दादा, वाचत असशील तर प्लेट अजून तुझ्याच माळ्यावर आहे. आण, पुन्हा डायल लावू.

आता तुमची थार. सीआरडीई म्हणजे १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन मीटर, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. नवा ऑटोमॅटिक बॉक्स स्वतःच्या कंट्रोलरवर चालतो. त्याला इंजिनाकडून टॉर्क, आरपीएम, थ्रॉटल सगळं कळावं लागतं, आणि गिअर बदलताना इंजिनाने क्षणभर दम धरावा लागतो. हा संवाद तुमच्या ईसीयूला येत नाही. पेट्रोल गाडीचा बॉक्स स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याचा कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) जास्त आरपीएमला पकडणारा असतो, डिझेलचा जोर खाली. मध्ये नुसतं घसरणं आणि तेल उकळणं. ओढ्यात हळू चालवताना तर वेगळा ऑइल कूलर हवाच.

त्यापेक्षा स्कॉर्पिओचा अख्खा सेट बरा. २००८ साली स्कॉर्पिओत एम-हॉक ऑटोमॅटिक आली, २.२ लिटर, सहा गिअर. इंजिन, बॉक्स, दोन्ही कंट्रोलर, वायरिंग, पेडल, चावी सगळं एकाच गाडीचं घ्या. फोर-बाय-फोरचाच बॉक्स घ्या, नाहीतर मागे ट्रान्स्फर केस (चारही चाकांना जोर वाटणारा डबा) बसवणार कुठे? प्रॉपेलर शाफ्ट पुन्हा कापून बॅलन्स करावे लागतील. खर्च मी सांगणार नाही, गॅरेजवाला सांगेल तोही खरा नसतो.

कागदाचं राहिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं: कंपनीच्या मूळ नोंदीशी आरसी जुळणार नाही असा बदल चालत नाही. परवानगीने तशाच जातीचं इंजिन बदलता येतं. थारच्या २.५ लिटरच्या जागी २.२ हे त्यात बसत नाही. १५ वर्षांनी रिपासिंगला न्याल तेव्हा आरटीओत इंजिन नंबर बघतातच. अपघात झाला तर विमावाल्यांना आयतं कारण मिळेल. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला मी स्वतः हे करणार नाही. आमच्या दादाने केलं, तो भाग वेगळा.

आणि आधी क्लच तपासा. डिस्क झिजली की पेडल जड होतं. माणसं गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातात आणि प्रेशर प्लेट तशीच. ती बदलूनही दुखत असेल तर २०२०ची नवी थार कंपनीतूनच ऑटोमॅटिक मिळते, जुनी फक्त रविवारी काढा.

तरी करायचंच म्हणालात तर प्लेट बनवणाऱ्या लेथवाल्याकडून डायलचं रीडिंग बिलावर लिहून घ्या, आणि मेकॅनिक डॉवेल ठोकतो तेव्हा शेजारी उभे राहून मोबाइलवर फोटो काढा.